वॉर्निंग मिटवणे आणि वॉर्निंग सोडवणे

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या प्रणालीत ठेवला जाई. ज्यांना ती वापरायची नसे त्यांच्यासाठी सीव्हीएस या जुन्या प्रणालीत त्याची नक्कल आपोआप तयार होई, आणि हात घातला गेला होता तो या नकलेत. ओळी वरवर अगदी साध्या होत्या. एका सिस्टिम कॉलला दोन विशिष्ट पर्याय एकत्र दिले आणि प्रोग्राम चालवणाऱ्याचा यूआयडी, म्हणजे वापरकर्ता-क्रमांक, शून्य असला, तर 'मूल्य चुकीचे आहे' असा एरर परत पाठवायचा, असा त्यांचा अर्थ लागत होता.

पण 'शून्य असला तर' हे विचारायला सी भाषेत बरोबरची दोन चिन्हे लागतात, आणि तिथे एकच होते. दोन चिन्हे म्हणजे 'सारखे आहे का?' आणि एक म्हणजे 'हे मूल्य ठेव'. त्यामुळे ती ओळ यूआयडी तपासत नव्हती, तो शून्य करत होती. युनिक्स घराण्यात यूआयडी शून्य म्हणजे रूट, यंत्राचा सर्वाधिकारी. ज्याला ते दोन पर्याय माहीत, तो ज्या यंत्रावर प्रोग्राम चालवू शकेल त्याचा मालक झाला असता. नक्कल आणि मूळ यांचा मेळ बसत नाही हे तपासणीत लगेच लक्षात आले आणि त्या ओळी मूळ कोडपर्यंत पोचल्याच नाहीत.

या प्रकरणाला त्या ओळींपासून सुरुवात करण्याचे कारण त्यांतल्या कंसात आहे. अटीमध्ये एकच बरोबर-चिन्ह दिसले की जीसीसी हा कंपायलर एरवी टोकतो. पण तो भाग स्वतंत्र कंसात असेल, तर लिहिणाऱ्याने हे जाणूनबुजून केले आहे असे तो धरून चालतो आणि गप्प बसतो. इथे कंस होते. कंपायलर विचारू शकला असता असा प्रश्न विचारलाच गेला नाही.

कंपायलरची वॉर्निंग म्हणजे असा एक प्रश्न असतो. या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच, की प्रश्न बंद करणे आणि प्रश्नाला उत्तर देणे ही दोन वेगळी कामे आहेत. कर्नलमध्ये या दोहोंतला फरक लाखो यंत्रांच्या सुरक्षिततेइतका मोठा होऊ शकतो.

एरर आणि वॉर्निंग

माणसाने लिहिलेला कोड प्रोसेसरला कळेल अशा सूचनांत बदलतो तो कंपायलर. भाषेचा नियम मोडला की तो एरर देतो आणि काम थांबवतो. नियम मोडलेला नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनात हेच होते का अशी शंका येते, तिथे तो वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. जुन्या छापखान्यातला मुद्रितशोधक समासात प्रश्नचिन्ह करून मजकूर लेखकाकडे परत पाठवायचा, तसेच हे. शब्द शुद्ध असतो, वाक्यही बरोबर असते. मागच्या पानावर तर वेगळे लिहिले होते, एवढेच त्याला दाखवायचे असते.

सी भाषा १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडली आणि प्रोग्रामरवर विश्वास ठेवणे हा तिचा स्वभाव राहिला. मेमरीत कुठेही हात घालू देणारी, संख्येचा प्रकार न विचारता बदलणारी ही भाषा ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला सोयीची होती, आणि म्हणूनच तिच्यात चूक करणेही सोपे होते. हे तिच्या कर्त्यांनाही दिसत होते. बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास लिंट हा वेगळा प्रोग्राम तयार केला. कंपायलरने भरभर कोड तयार करावा आणि शंका काढण्याचे काम लिंटने करावे, अशी वाटणी होती. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि लिंटचे बरेचसे काम कंपायलरनेच आपल्याकडे घेतले. आज जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या वॉर्निंगची यादी वाचली, तर सी लिहिणाऱ्यांच्या पन्नास वर्षांच्या चुकांचा इतिहास तिच्यात सापडतो.

कर्नलमध्ये चूक महाग का पडते

साधे अॅप कोसळले तर ते एकटेच कोसळते, कारण त्याला आवरायला खाली कर्नल असतो. कर्नलच्या खाली मात्र सावरणारे कुणी नाही. तिथली चूक अख्खे यंत्र बंद पाडते, किंवा न बंद पाडता आत शिरायला वाट करून देते. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्स कर्नल आहे, आणि बँकांपासून रेल्वे आरक्षणापर्यंत ज्या सर्व्हरांवर आपली रोजची कामे चालतात त्यांतल्या असंख्य यंत्रांमध्येही तोच आहे.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा कोड आता तीन कोटी ओळींच्या वर गेला आहे. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा ड्रायव्हरांचा, म्हणजे वेगवेगळी उपकरणे चालवणाऱ्या कोडचा आहे. हजारो पर्यायांतून हवे ते निवडून प्रत्येकजण आपला कर्नल बांधतो. कोणत्याही एका बिल्डमध्ये कोडचा काही भागच कंपाइल होतो, त्यामुळे ६४ बिटांच्या इंटेल यंत्रावर एकही वॉर्निंग न देणारी फाइल ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरसाठी बांधली की चार वॉर्निंग देऊ शकते. म्हणून पर्यायांची यादृच्छिक निवड करून दिवसरात्र बिल्ड करत राहणे हे कर्नलच्या जगात एक स्वतंत्र काम होऊन बसले आहे. आर्न्ड बर्गमन यांच्यासारख्या अनुभवी डेव्हलपरांनी अशा यादृच्छिक बिल्डांतून निघालेल्या वॉर्निंग वर्षानुवर्षे निस्तरल्या आहेत. इंटेलने चालवलेला एक रोबो नवे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, स्वतः बांधून बघतो आणि नवी वॉर्निंग आली की थेट लेखकाला कळवतो.

उणे बावीस

वॉर्निंग वाचायची कशी हे एका उदाहरणावर नीट दिसते. कर्नलमध्ये फंक्शन यशस्वी झाले की शून्य किंवा धन संख्या परत येते आणि फसले की ऋण संख्या येते. मेमरी मिळाली नाही तर उणे १२, दिलेले मूल्य चुकीचे असेल तर उणे २२, अशी ही ठरलेली यादी आहे. आता एक ड्रायव्हर घ्या. उपकरणाला कोणती इंटरप्ट लाइन मिळाली आहे ते तो कर्नलला विचारतो, आलेली संख्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि पुढच्या ओळीत तपासतो, की ही संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर काहीतरी बिघडले आहे, परत फिरा.

पद्धत बरोबर आहे. फक्त ते व्हेरिएबल अनसाइन्ड प्रकारचे जाहीर केलेले आहे, म्हणजे त्यात ऋण संख्या राहूच शकत नाही. उणे २२ त्यात ठेवले की ३२ बिटांच्या हिशोबात ते ४,२९,४९,६७,२७४ होते. ती संख्या शून्यापेक्षा लहान कधीच असणार नाही, म्हणून तपासणीची ओळ असून नसल्यासारखी होते आणि ड्रायव्हर चारशे एकोणतीस कोटींच्या घरातली एक इंटरप्ट लाइन मागत पुढे जातो.

कंपायलर इथे म्हणतो, की ही तुलना नेहमी खोटीच ठरेल. घाईत असलेला माणूस हे वाचून ठरवतो, की नेहमी खोटी ठरणारी तुलना हवीच कशाला? तो ओळ काढून टाकतो, वॉर्निंग जाते, बिल्ड स्वच्छ होते, आणि एरर पकडण्याचा राहिलासाहिला हेतूही कोडमधून पुसला जातो. मन लावून वाचणारा माणूस मात्र विचारतो, की लिहिणाऱ्याला ही तपासणी का हवी होती? उत्तर मिळते, आणि दुरुस्ती होते ती व्हेरिएबलच्या प्रकारात. अनसाइन्ड हा शब्द काढला की पुरे. दोन्ही पॅच एकेका ओळीचे आहेत आणि दोन्हींनी वॉर्निंग सारखीच नाहीशी होते, पण त्यांतला दुसराच बरोबर आहे.

एकावर एक झाकणे

कर्नलमधल्या काही फंक्शनांवर 'याचे उत्तर तपासलेच पाहिजे' अशी खूण केलेली असते. चिपला वीज देणारा रेग्युलेटर सुरू करणारे फंक्शन त्यांपैकी एक. ते बोलावून उत्तराकडे दुर्लक्ष केले की वॉर्निंग येते. मग कुणीतरी उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि तिथेच सोडून देतो. पहिली वॉर्निंग गेली. काही वर्षांनी दुसरा कुणी जास्तीच्या वॉर्निंग चालू करून तीच फाइल बांधतो आणि कंपायलर सांगतो, की या व्हेरिएबलमध्ये मूल्य ठेवले आहे पण ते कुठेच वापरलेले नाही. आता व्हेरिएबल काढायचे, तर पहिली वॉर्निंग परत येते. कुणी त्यावरही आणखी एक झाकण शोधतो.

या सगळ्यात मूळ प्रश्न तसाच पडून असतो, तो म्हणजे वीज आलीच नाही तर ड्रायव्हरने काय करायचे? याचे उत्तर एका ओळीत मावत नाही. एरर वर कळवायला हवा. त्याआधी जे क्लॉक सुरू केले, जी मेमरी घेतली, ते उलट्या क्रमाने परत करायला हवे. बोलावणाऱ्या फंक्शनला हा एरर झेलता येतो का तेही बघायला हवे. दोन शब्दांच्या वॉर्निंगमागे कधी कधी पंधरा ओळींचे काम निघते ते असे.

झाकण घालण्याची सोय कर्नलमध्ये एके काळी अधिकृतपणेही होती. व्हेरिएबलला मूल्य देण्याआधी ते वापरले जाईल अशी शंका कंपायलरने काढली, की ती बंद करण्यासाठी एक मॅक्रो वापरला जाई. तो त्या व्हेरिएबलला त्याचेच मूल्य देई. एक्स बरोबर एक्स. यात काहीच होत नाही, फक्त कंपायलरला वाटते की मूल्य मिळाले. मॅक्रो लिहिला तेव्हा तिथली शंका खोटी असेलही, पण नंतर आजूबाजूचा कोड बदलला, एखादी नवी वाट फुटली आणि शंका खरी झाली तरी कंपायलर काही बोलू शकत नसे. कर्नल डेव्हलपर केस कुक यांनी पुढाकार घेऊन २०२० मध्ये हा मॅक्रो कर्नलभरातून काढला.

झाकणाची खरी किंमत डेबियन या लिनक्स वितरणाने मोजली. ही गोष्ट कर्नलची नाही आणि ती शंकाही कंपायलरने काढलेली नव्हती, तरी वॉर्निंग दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत मूल्य न दिलेली मेमरी वापरली जाते, अशी तक्रार व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन करत होते. २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीत त्या तक्रारीशी निगडित दोन ओळी बंद करण्यात आल्या. तक्रार थांबली. पण त्यांतल्या एका ओळीतून यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात खरी अनिश्चितता भरली जात होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि त्याची शक्य मूल्ये साधारण ३२ हजारच. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांनी हे शोधून काढेपर्यंत डेबियन आणि उबंटूवर तयार झालेल्या असंख्य चाव्या कुणालाही थोड्या वेळात मोजून काढता येतील अशा होत्या. त्या सगळ्या बदलाव्या लागल्या.

मोहिमा

एकेका वॉर्निंगने भागत नाही तेव्हा अख्ख्या कर्नलसाठी मोहीम काढावी लागते. स्विचमधल्या प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहिला नाही, तर सी भाषेत अंमल खालच्या केसमध्ये घसरतो. कधी ते मुद्दाम असते, कधी ब्रेक लिहायचाच राहिलेला असतो, आणि नुसत्या कोडकडे बघून दोहोंत फरक करता येत नाही. २०१७ मध्ये जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत यासाठी वॉर्निंग आली. कर्नलमध्ये अशी ठिकाणे हजारोंनी होती. गुस्तावो सिल्व्हा यांनी ती एकेक वाचून काढली. मुद्दाम असेल तिथे तशी खूण केली आणि चूक असेल तिथे ब्रेक घातला. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे दडलेले खरे बग सापडले. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून ही वॉर्निंग सगळ्या कर्नलसाठी चालू झाली. आता ब्रेक विसरणाऱ्याला त्याच दिवशी कळते.

दुसरी मोहीम स्टॅकसाठी झाली. फंक्शनच्या तात्पुरत्या गोष्टी स्टॅकवर राहतात आणि कर्नलचा स्टॅक फार लहान असतो, ६४ बिटांच्या इंटेल यंत्रांवर फक्त १६ किलोबाइट. म्हणून एखाद्या फंक्शनने त्यातला फार मोठा वाटा घेतला की वॉर्निंग येते. ६४ बिटांच्या यंत्रांसाठी ही मर्यादा एरवी २,०४८ बाइटची असते. पण ज्या अॅरेची लांबी प्रोग्राम चालू असतानाच ठरते, तिच्याबद्दल कंपायलर आधी काही सांगू शकत नाही. बाहेरून आलेल्या आकड्यावर लांबी ठरत असेल, तर हल्लेखोर तो आकडा फुगवून स्टॅक ओलांडू शकतो. २०१८ मध्ये अनेकांनी मिळून अशा अॅरे शोधून काढल्या, त्यांच्या जागी ठरलेल्या लांबीच्या अॅरे किंवा वेगळी घेतलेली मेमरी आणली, आणि वर्षाअखेरीच्या ४.२० आवृत्तीत त्यांच्याविरुद्धची वॉर्निंग कायमची लागू झाली.

या दोन्ही मोहिमांचे फळ म्हणजे शून्य वॉर्निंग. शून्याला किंमत आहे ती कामाच्या सोयीसाठी. पाचशे जुन्या वॉर्निंगांच्या गर्दीत पाचशे एकावी कुणी वाचत नाही. शून्यावर एक आली तर ती सगळ्यांना दिसते.

कंपायलरही चुकतो

कंपायलरचा प्रत्येक प्रश्न रास्त असतो असे मात्र नाही. 'हे व्हेरिएबल कदाचित मूल्याविना वापरले जाईल' ही वॉर्निंग देण्यासाठी त्याला कोडमधल्या सगळ्या वाटा पडताळाव्या लागतात आणि त्यात तो अनेकदा चुकतो. जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीत खोट्या शंका इतक्या वाढल्या, की २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून काढून जास्तीच्या वॉर्निंगांच्या गटात टाकली. खोट्या शंकेचा खरा धोका असा, की ती घालवायला लोक व्हेरिएबलला उगाच शून्य देऊन टाकतात, आणि ते शून्य उद्याचा खरा बग लपवते.

उलट, कंपायलर गप्प आहे म्हणजे सगळे आलबेल आहे असेही नाही. २००९ मध्ये टन नावाच्या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक पॉइंटर आधी वापरला होता आणि त्यानंतर तो नल आहे का ते तपासले होते. जीसीसीने तर्क केला, की पॉइंटर वापरून झाला त्या अर्थी तो नल नसणारच, मग तपासणीची गरज काय? त्याने तपासणी मुकाट्याने गाळली, वॉर्निंगही दिली नाही. या फटीतून रूटचा अधिकार मिळवता येतो हे ब्रॅड स्पेंगलर यांनी करून दाखवले. कोडमधला क्रम दुरुस्त झाला, आणि अशा तपासण्या गाळू नकोस असे कंपायलरला बजावणारा पर्याय तेव्हापासून कर्नलच्या बिल्डमध्ये आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये टोरवाल्ड्स यांनी वॉर्निंग म्हणजे एररच असे सर्व बिल्डांसाठी ठरवले. ठिकठिकाणचे बिल्ड तुटले. कर्नल नुसता वापरणाऱ्याकडे कंपायलर नवा असतो किंवा प्रोसेसर वेगळा असतो, आणि ज्या वॉर्निंगशी त्याचा संबंध नाही तिच्यामुळे त्याचे काम अडते. काही दिवसांतच ही सक्ती चाचणीसाठी केलेल्या बिल्डांपुरती ठेवली गेली. कोड लिहिणाऱ्याला ही शिस्त हवी आणि वापरणाऱ्यावर तिचे ओझे नको, हा त्यातून निघालेला तोडगा शहाणपणाचा आहे.

पॅच लिहिताना

कर्नलमध्ये पाऊल टाकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'एखादी वॉर्निंग दुरुस्त कर' असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चांगला आहे, कारण वॉर्निंग फाइल आणि ओळ दोन्ही दाखवते. पण कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी ती ओळ कुणी, कधी, कोणत्या कारणाने लिहिली ते, कर्नलचा कोड आता ज्या प्रणालीत असतो त्या गिटच्या इतिहासात बघावे. हे फंक्शन कुठून कुठून बोलावले जाते ते शोधावे. मग मूल्य कुठून येते, ते केवढे असू शकते, चुकले तर पुढे काय होते, या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. कोडला हात त्यानंतर.

पॅचसोबतच्या मजकुरात वॉर्निंग जशीच्या तशी द्यावी, ती कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या बिल्डमध्ये दिली ते सांगावे, आणि आपली दुरुस्ती बरोबर का, हे स्पष्ट शब्दांत मांडावे. बग ज्या बदलामुळे शिरला तो सापडला असेल, तर 'फिक्सेस' या ओळीत त्याचा क्रमांक आणि शीर्षक द्यावे, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना तीच दुरुस्ती तिथे नेता येते. 'वॉर्निंग घालवली' एवढेच लिहिलेला पॅच अनुभवी मेंटेनर परत पाठवतात आणि ते बरोबरच करतात, कारण वॉर्निंग गेली हे त्यांना स्वतः बांधूनही कळते. लेखकाकडून त्यांना कारण हवे असते.

शंका खोटी आहे असे ठरले तरी काम संपत नाही. कंपायलरला जे कळले नाही ते उद्याच्या वाचकालाही कळणार नाही, असे समजून कोड अधिक सरळ करता येतो का ते बघावे. गुंतागुंतीची वाट दोन लहान फंक्शनांत विभागली की बहुतेकदा कंपायलरची शंका फिटते आणि माणसाचे वाचणेही सोपे होते.

हे काम नाव मिळवून देणारे नाही. नवे वैशिष्ट्य लिहिणाऱ्याची चर्चा होते, तर अनसाइन्ड हा एक शब्द खोडणाऱ्याचा पॅच हजारो पॅचांच्या रांगेत निघून जातो. पण कर्नलवर आज जग विसंबून आहे ते त्या रांगेतल्या माणसांच्या भरवशावर. दुसऱ्याने लिहिलेली ओळ त्याच्या हेतूसकट समजून घेणे, मगच ती बदलणे आणि का बदलली ते पुढच्यासाठी लिहून ठेवणे, ही सवय ज्याला एका वॉर्निंगवर लागली, तो कर्नलच्या कोणत्याही भागात काम करायला तयार झाला.